नववं गाणं: ‘दशावतार’ पहिल्यांदा ऐकताना

मार्च २०१७ चा शेवटचा आठवडा. जिओचं फुकट नेट ३१ तारखेला बंद होणार, असं सगळे म्हणत होते. त्यामुळे दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात जो तो मिळेल ते डाउनलोड करत बसला होता. कुणी सैराटची गाणी, कुणी क्रिकेटच्या जुन्या मॅचेस, कुणी शाहरुखचे सिनेमे. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, दोन दिवसांसाठी घरी आलो होतो आणि रेंजसाठी गच्चीच्या एका कोपऱ्यात पाण्याच्या टाकीला टेकून बसलो होतो. मला एकच अल्बम हवा होता. मुंबईच्या डिमॉनिक रिझरेक्शन या बँडचा ‘दशावतार’. तो त्याच महिन्यात आला होता.

अल्बम नवा होता आणि बँडचा आवाजही बदललाय अशी चर्चा होती. आवडत्या बँडने आवाज बदलला की चाहत्याच्या पोटात गोळा येतोच. मेटल ऐकणारे लोक या बाबतीत घरातल्या म्हाताऱ्यांपेक्षा कर्मठ असतात. केस कापले म्हणून त्यांनी मेटॅलिकाला शिव्या घातल्या आहेत, मग गाणं बदललं तर विचारायलाच नको.

हा लेख त्या पहिल्या ऐकण्याबद्दल आहे. त्यानंतर मी हा अल्बम खूप वेळा ऐकला आणि काही मतं बदलली. एक मत मात्र बदललं नाही, आणि ते माझं नव्हतंच, माझ्या आजीचं होतं.

आधी बँडबद्दल

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साहिल मखिजा या मुंबईच्या मुलाने २००० साली हा बँड सुरू केला. स्टेजवर तो स्वतःला ‘डेमनस्टीलर’ म्हणवतो. तुमच्यापैकी काहींनी त्याला गाताना ऐकलं नसेल, पण स्वयंपाक करताना पाहिलं असेल. यूट्यूबवरचं ‘हेडबँगर्स किचन’ त्याचंच. आपल्याकडे मेटल वाजवून पोट भरत नाही, हे त्यावरून कळतं.

यांचं संगीत म्हणजे डेथ मेटल, ब्लॅक मेटल आणि त्यावर कीबोर्डचे सिनेमासारखे थर. ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ २००५ साली आला, ‘द रिटर्न टू डार्कनेस’ २०१० साली. त्याच वर्षी ब्रिटनच्या ‘मेटल हॅमर’ मासिकाचा ग्लोबल मेटल पुरस्कार त्यांना मिळाला. यवतमाळच्या हॉस्टेलमध्ये आम्हा तीन-चार जणांना या गोष्टीचा इतका अभिमान होता, की जणू तो आमच्याच मेसमध्ये वाटला गेला होता. २०१४ साली ‘द डेमन किंग’ आला. मुखपृष्ठापासून आवाजापर्यंत सगळं युरोपीय. डोळे मिटून ऐकलं तर बँड नॉर्वेचा आहे की मुंबईचा, हे सांगता येणार नाही. तेव्हा आम्हाला हीच मोठी गोष्ट वाटायची.

आणि आता ‘दशावतार’. दहा अवतार, दहा गाणी. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की, याच क्रमाने. प्रत्येक नावापुढे एक इंग्रजी बिरुद. मत्स्याला मासा, वामनाला बुटका, परशुरामाला कुऱ्हाडवाला, कृष्णाला गुराखी, बुद्धाला शिक्षक. आणि गिटार-ड्रमच्या सोबतीला सतार, तबला अशी आपली वाद्यं.

प्लगइन की कोअर?

गच्चीवर बसून मी मोबाइलच्या नोट्समध्ये गाण्यागणिक टिपत होतो. ती फाइल अजून माझ्याकडे आहे. पहिल्या गाण्यासमोर लिहिलंय: “सतार आली. भीती वाटते.”

भीती कशाची, तर आपल्याकडे ‘फ्यूजन’ नावाखाली चालणाऱ्या एका प्रकाराची. सुरुवातीला दहा-पंधरा सेकंद सतार, मग नेहमीचं गाणं, मध्येच तबल्याचा तुकडा आणि शेवटी पुन्हा सतार. लग्नाच्या हॉलला बाहेरून लायटिंग केल्यासारखं. हॉल तोच, भिंती त्याच, वायर काढली की सगळं पूर्ववत.

आज मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हीच गोष्ट आता वेगळ्या शब्दांत सांगतो. एखाद्या सिस्टिममध्ये नवं फीचर आणायचे दोन मार्ग असतात. एक, प्लगइन जोडायचं. ते चालू-बंद करता येतं आणि बंद केलं तरी मूळ प्रोग्रॅमला काही फरक पडत नाही. दुसरा, कोअरमध्ये हात घालायचा. यात वेळ जातो, जुन्या गोष्टी मोडतात, पण नंतर ते फीचर वेगळं काढताच येत नाही. बदललेल्या आवाजाचा कुठलाही अल्बम ऐकताना मी मनात हीच टेस्ट करतो. नवं वाद्य म्यूट केलं, तर गाणं कोसळतं का?

या टेस्टमध्ये उत्तम मार्कांनी पास झालेला अल्बम म्हणजे ब्राझीलच्या सेपल्टुराचा ‘रूट्स’, १९९६ सालचा. बँड शावान्ते या आदिवासी जमातीच्या वस्तीत गेला, त्यांच्यासोबत बसला, तिथे रेकॉर्डिंग केलं. कार्लिन्योस ब्राउन हा तालवादक सोबत घेतला. त्या अल्बममध्ये ब्राझीलचा ताल गिटारच्या मनगटात उतरलाय. गिटार हळू झाली, जड झाली, ढोलासारखी वाजायला लागली. ढोल काढून टाका, गाणं उरत नाही. जुन्या चाहत्यांनी त्यावरही नाकं मुरडलीच.

‘दशावतार’ या टेस्टमध्ये कुठे बसतो? पहिल्या ऐकण्यात मी त्याला ‘प्लगइन’ म्हणून मोकळा झालो होतो. ते अर्धवट होतं. पाचव्या-सहाव्या ऐकण्यात लक्षात आलं की बदल सतारीपेक्षा गिटारमध्ये जास्त आहे. आधीच्या अल्बममध्ये सुरावटी युरोपीय चर्चमधल्या वाटायच्या. इथे गिटार कोमल सुरांवर रेंगाळते, एखादी ओळ आपल्या कानाला ओळखीची वाटते आणि मग ड्रम्स तिच्यावर तुटून पडतात. वीरेंद्र कैथचे ब्लास्ट बीट, म्हणजे हात-पाय इतके वेगात की ठोके वेगळे ऐकूच येत नाहीत, एक भिंतच उभी राहते, ते पूर्वीसारखेच निर्दय आहेत. त्यांच्यासमोर तबला टिकतो का? काही ठिकाणी टिकतो. बऱ्याच ठिकाणी तो पाहुण्यासारखा येतो, चहा पिऊन जातो.

आणि इथे मला यवतमाळचा माणूस म्हणून एक तक्रार आहे. सतार-तबला हे ‘भारतीय’ आवाजाचं जगाला माहीत असलेलं पोस्टकार्ड आहे. आमच्याकडच्या कुठल्याही पोराला विचारा, जड आणि वेगवान ताल तू पहिल्यांदा कुठे ऐकलास? तो संदलचं नाव घेईल. डफड्याचं नाव घेईल. पांढरकवड्याकडचा असेल तर ढेमशाच्या ढोलाचं सांगेल, मोझरीच्या भजनात बसलेला असेल तर खंजिरीचं. लग्नाच्या वरातीत संदलवाले रंगात आले की पोटात जे हलतं, ते मला मेटलच्या डबल बेसमध्ये पुन्हा सापडलं होतं. म्हणून तर ते संगीत मला परकं वाटलं नाही. मुंबईच्या बँडने विदर्भातलं डफडं वाजवावं, अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे हे मला कळतं. पण मेटलच्या जवळचा आपला ताल हा मैफलीतला नाही, रस्त्यावरचा आहे, एवढं मात्र मी ठामपणे म्हणेन.

असुरांच्या नावाचा बँड

पाचव्या गाण्यापाशी, म्हणजे वामनापाशी, माझी नोट आहे: “रिफ भारी. पण आपण कुणाच्या बाजूने आहोत?”

मेटलची सहानुभूती बहुतेक वेळा हरलेल्याकडे असते. स्वर्गातून हाकललेला सैतान, जाळलेली चेटकीण, युद्धात मेलेला शिपाई, वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेला माणूस. नॉर्वेच्या पोरांनी तर चर्चविरुद्धचा राग टोकाला नेला आणि त्यातल्या काहींनी खरोखरची चर्च जाळली, ते समर्थनीय नाहीच. पण या संगीताचा कल कुठे आहे, हे त्यातून दिसतं. डिमॉनिक रिझरेक्शन या नावाचा अर्थच मुळी राक्षसाचा पुनर्जन्म. आधीच्या अल्बमचं नाव राक्षसांचा राजा. आणि नव्या अल्बममध्ये मात्र गाण्यांची नावं राक्षसांना मारणाऱ्यांची.

युरोपीय मेटलवाल्याने आपल्या मातीतल्या कथा उचलल्या, तर तो चर्चने पुसून टाकलेल्या देवांकडे जातो. त्याच्याकडे तो बंडखोरीचा मार्ग आहे. आपल्याकडे तोच मार्ग पकडला की माणूस थेट टीव्हीवरच्या पौराणिक मालिकेत पोहोचतो. फॉर्म्युला तोच ठेवला, फक्त देश बदलला, आणि आउटपुट उलटं आलं.

वामनाचंच घ्या. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. तीन पावलं जमीन मागितली आणि बळीला पाताळात घातलं. पण आमच्या जिल्ह्यात बळी हा गोष्टीतला असुर नाही. तो शेतकरी आहे. भाषणात बळीराजा, फ्लेक्सवर बळीराजा, बातमीत बळीराजा, आणि ती बातमी बहुतेक वेळा वाईटच असते. कापसाचा आणि शेतकरी आत्महत्यांचा जिल्हा म्हणून यवतमाळ देशाला ठाऊक आहे. दिवाळीत बलिप्रतिपदेला बायका ओवाळताना म्हणतात, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. वामनाचं राज्य येवो असं कुणी म्हणत नाही. मराठी भाषेने या गोष्टीत आपली बाजू केव्हाच ठरवून टाकली आहे.

आणि ही बाजू पुस्तकात मांडणारा माणूसही आपलाच. जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ १८७३ साली आलं. धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादातून फुले एकेक अवतार घेतात. मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन, परशुराम. आणि प्रत्येकाची गोष्ट हरलेल्याच्या बाजूने उलटी वाचतात. त्यात बळी हा प्रजेचा राजा आहे. मी कधीकधी म्हणतो, महाराष्ट्रातला पहिला मेटल कॉन्सेप्ट अल्बम ‘गुलामगिरी’च आहे, फक्त त्याला गिटार नाही. मित्र हसतात. पण राग, वेग, व्यवस्थेला थेट अंगावर घेणं, हे सगळं त्यात आहे. अल्बम यायच्या १४४ वर्षं आधी हीच यादी आपल्याकडे कुणीतरी दुसऱ्या टोकाकडून वाचलेली होती. आवाज नवा करायचाच होता, तर गोष्टही त्या टोकाकडून सांगता आली असती.

इथे बँडच्या बाजूनेही बोललं पाहिजे. ‘दशावतार’ हा प्रचाराचा अल्बम मला वाटला नाही. त्याचा सूर अमर चित्रकथेचा आहे. मोठी चित्रं, भडक रंग, शस्त्रं, स्फोट. लहानपणी वाचलेल्या गोष्टी मोठ्या आवाजात सांगायची मजा. नरसिंहाचं गाणं त्या दृष्टीने जबरदस्त आहे. खांब फोडून बाहेर येणाऱ्या अर्ध्या सिंहाला घोगऱ्या, घशातून फाडून काढलेल्या आवाजापेक्षा योग्य आवाज दुसरा कुठला असेल? कल्कीचा शेवटही पेटलेला आहे. पण चित्रकथा निरागस असली, तरी तिच्यात कुणाला निळा रंग देतात आणि कुणाला काळा, हा प्रश्न उरतोच.

नववं गाणं

संध्याकाळ झाली. आजी वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करायला गच्चीवर आली. मी हेडफोन काढून ठेवला होता आणि मोबाइलच्या स्पीकरवर गाणं चालू होतं.

“कायले बोंबलून रायला रे हा?” ती म्हणाली. “घसा बसला काय त्याचा?”

“गाणं आहे, आजी. दहा अवतारांवर आहे.”

तिने सूप खाली ठेवलं. तिच्या लहानपणी गावात कीर्तनं व्हायची, आमच्या माणसांनी लांब बसून ऐकायची. यादी तिला पाठ होती. तिने बोटांवर मोजलं आणि थांबली.

“नववा कोन धरला त्यानं?”

हा प्रश्न मी नोट्समध्ये लिहिला नव्हता. खरं तर मी तो टाळला होता. नववं गाणं मी दोनदा पुढे ढकललं होतं.

आमच्या घरात रोज सकाळी बुद्धवंदना होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला आजी नऊ-दहा वर्षांची होती. दारव्ह्याहून शकुंतला गाडीने मूर्तिजापूर आणि तिथून मोठ्या गाडीने नागपूर, अशी ती तिच्या बापाचं बोट धरून गेली होती. त्या दिवशी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली पाचवी नेमकी याच मुद्द्यावर आहे: बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे, असं मानणार नाही. आजीला शाळा मिळाली नाही, पण त्या प्रतिज्ञा तिला क्रमाने येतात.

“बुद्ध धरलाय,” मी म्हणालो. आणि घाईघाईने पुढे म्हणालो, “पण चांगलं म्हटलंय आजी. त्याला शिक्षक म्हटलंय.”

आजीने थोडा वेळ विचार केला. “मास्तर म्हनते त बरंच हाय,” ती म्हणाली. “पन मंग मास्तरले त्या रांगेत कायले उभं केलं?”

मी गप्प बसलो. ती मिरच्या घेऊन खाली गेली.

आठ वर्षांत या अल्बमवर मी बरीच परीक्षणं वाचली. प्रॉडक्शन, गिटार टोन, ड्रम्सचं मिक्सिंग, सगळ्यावर लोक बोलले आहेत. आजीचा प्रश्न मला कुठे सापडला नाही. पण तो संगीताबाहेरचा प्रश्न नाही, कारण कॉन्सेप्ट अल्बममध्ये क्रम हाच अर्थ असतो. एक ते दहा अशी माळ लावली, की प्रत्येक मणी आधीच्या आणि नंतरच्या मण्यामुळे अर्थ घेतो. आठव्यानंतर आणि दहाव्याआधी आला, की बुद्ध आपोआप कृष्णाचा पुढचा आणि कल्कीचा आधीचा होतो. आतले शब्द कितीही आदराचे असोत, जागा बोलतेच.

ही जागा बँडने शोधलेली नाही, हेही खरं. भागवत पुराणात बुद्ध येतो तो देवांच्या शत्रूंना भुलवण्यासाठी, म्हणजे चुकीचं शिकवण्यासाठी. बाराव्या शतकातल्या जयदेवाच्या ‘गीतगोविंद’मध्ये तो नववाच आहे, पण तिथे यज्ञातल्या पशुहत्येबद्दल करुणा वाटणारा म्हणून त्याची स्तुती आहे. महाराष्ट्रात तर काही जुन्या चित्रांत नवव्या जागी विठ्ठल उभा असतो. आणि पुण्याजवळ देहू रोडला १९५४ च्या डिसेंबरात बुद्धमूर्तीची स्थापना करताना बाबासाहेबांनी पंढरपूरचा विठ्ठल हा मुळात बुद्धच आहे, हे आपण सिद्ध करू, असं म्हटलं होतं. म्हणजे ही नववी जागा आपल्याकडे शेकडो वर्षं भांडणाची जागा आहे. इतका ताण, इतका इतिहास असलेली दुसरी जागा पूर्ण यादीत नाही. मेटलला अजून काय हवं असतं? आणि नेमकी हीच जागा अल्बमने सगळ्यात सरळ, पाठ्यपुस्तकी पद्धतीने भरून टाकली.

मी ते गाणं शेवटी त्या रात्री ऐकलं, हेडफोन लावून. वाद्यकाम चांगलं आहे. मला राग आला नाही. थोडं एकटं वाटलं. ज्या बँडचे टी-शर्ट आम्ही यवतमाळात पैसे साठवून मागवले, त्या बँडच्या ‘आपल्या मातीतल्या’ अल्बममध्ये आमची माती धरलेली नाही, असं वाटलं. नॉर्वेसारखा वाजत होता तेव्हा तो बँड आम्हा सगळ्यांपासून सारख्याच अंतरावर होता.

मग अल्बम कसा आहे?

परीक्षणाच्या शेवटी निकाल द्यायचा असतो, तो देतो. ‘दशावतार’ हा डिमॉनिक रिझरेक्शनचा सगळ्यात धाडसी अल्बम आहे आणि नरसिंह, कल्की ही गाणी मी आजही ऐकतो. भारतीय मेटलने स्वतःचा आवाज शोधायच्या वाटेवर तो महत्त्वाचा आहे. सिंगापूरचा रुद्र बँड संस्कृत आणि वेदांत घेऊन त्याच्या आधी या वाटेवर गेला होता. नंतर २०२२ मध्ये दिल्लीच्या ब्लडीवूडचा ‘रक्षक’ आला, त्याने हिंदी-पंजाबीत आणि ढोलावर ही वाट रुंद केली. न्यूझीलंडच्या एलियन वेपनरीने २०१८ साली माओरी भाषेत गाऊन दाखवलं. ‘दशावतार’ने वाद्यं बदलली आणि गोष्ट बदलली, पण गोष्ट सांगण्याची बाजू जुनीच ठेवली आणि भाषा इंग्रजी. माझ्या टेस्टप्रमाणे: गिटारमध्ये कोअर बदललाय, कथेत प्लगइनच आहे.

चाहत्यांनी तेव्हा बँडवर केलेला आरोप ‘खूप बदलले’ असा होता. माझा आरोप उलटा आहे. आवाज बदलायचा म्हणजे फक्त कशाने वाजवायचं हे बदलणं नाही. कोण बोलतंय, हेही बदलावं लागतं. बळी बोलू शकला असता. हिरण्यकश्यपू बोलू शकला असता. राक्षसाच्या पुनर्जन्माचं नाव घेणाऱ्या बँडला ते सगळ्यात शोभलं असतं.

मागच्या महिन्यात पुण्याहून घरी गेलो होतो. लॅपटॉपवर काम करताना स्पीकरवर मेटल चालू होतं, बँड दुसराच. आजी दारात उभी राहिली. आता तिला कमी ऐकू येतं, पण हे ऐकू आलं.

“तोच काय रे? बोंबलनारा?”

“नाही आजी, हा वेगळा आहे.”

“मंग त्यानं ते गानं दुरुस्त केलं का नाई?”

मी नाही म्हणालो. “करंल,” ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.